ताईंचा ओला-सुका संसार

जबलपुरात केळं खाऊन झाल्यावर जी माणसं साल हातात धरून चोरासारखी इकडेतिकडे बघतात, ती सगळी कधी ना कधी माझ्या थोरल्या नणंदेच्या तावडीत सापडलेली असतात, असं खुशाल समजावं. ओमतीच्या बाजारात, रेल्वेच्या फलाटावर, लोकांच्या लग्नात हा प्रकार मी या डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा तर चक्क दवाखान्यात. ताईंना सडकून ताप होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि कापूस, सुई, वरचं पाकीट असं सगळं एकाच डब्यात टाकलं. झालं! डोळे मिटून पडलेल्या ताई ताडकन उठून बसल्या. "डॉक्टर साहब, सुई अलग." डॉक्टर म्हणाले, "आप लेट जाइए." ताई म्हणाल्या, "पहले सुई." बिचाऱ्यांनी चिमट्याने सुई काढून वेगळ्या डब्यात टाकली, तेव्हा कुठे बाई आडव्या झाल्या. ताप उतरला तो औषधाने की सुई वेगळी झाल्याच्या समाधानाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमचं घराणं मूळचं विदर्भातलं. सासरे इथल्या संरक्षण कारखान्यात लागले आणि सगळं बिऱ्हाड इथलंच होऊन गेलं. नवराही त्याच कारखान्यात चिकटला. ताई मात्र शिकल्या आणि विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन झाल्या. लग्नानंतर मलाही त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. म्हणजे घरी नणंद आणि ऑफिसातही नणंद! माझ्यासारखी भाग्यवान सून अख्ख्या मध्य प्रदेशात सापडायची नाही. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले त्या दिवसाचीच गोष्ट घ्या. इतर नणंदा नव्या वहिनीचा रंग बघतात, नाक बघतात, पोळी गोल येते का बघतात. आमच्या ताईंनी माझ्यापुढे मिठाईचा एक डबा ठेवला, "उघड" म्हणाल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. मी रबर काढलं, चकचकीत कागद फाडला, आतला पातळ कागद काढला आणि सगळ्याचा बोळा करून कोपऱ्यातल्या बादलीत टाकला. ताईंनी कपाळावर हात मारला. "अव माय! हे काय खिचडी शिजवून राहिली काय तू?" मग त्यांनी बादलीत हात घालून तो बोळा काढला, उलगडला, रबर मनगटात घातलं, पातळ कागदाची घडी केली, चकचकीत कागद वेगळा ठेवला आणि मला म्हणाल्या, "काही नाई, शिकशील." माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अवं, पोरीले पेढा तरी खाऊ दे!" पेढा मिळाला, पण तोवर भूक मेली होती.

ताईंनी लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असे, "कोणता नवरा दुधाची पिशवी धुईन, सांग बरं?" आणि त्यांच्या लेखी माणसाची परीक्षा यातच होती. कुणाच्या मुलासाठी मुलगी बघायला त्यांना कधी नेऊ नये. एकदा नेलं. मुलगी शिकलेली, नम्र, दिसायला गोड. सगळे खूश. परतीच्या रिक्षात ताई गप्प. मी विचारलं, "काय झालं ताई?" तर म्हणाल्या, "पोट्टी चांगली आहे. पण चहाच्या चोथ्यात बिस्किटाचा कागद टाकते." लग्न अर्थातच झालं आणि छान चाललं आहे. पण आजही त्या जोडप्याचा विषय निघाला की ताई एक सुस्कारा टाकतात.

ओमतीत साडी घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर अब्रूचा प्रश्न. साडी पसंत करायला त्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत, पण नंतरचा कार्यक्रम अर्धा तास चालतो. दुकानदार साडी खोक्यात घालतो, ताई बाहेर काढतात. घडीतला पुठ्ठा काढतात, टाचण्या काढतात, आतला कागद काढतात आणि सगळं नीट रचून गल्ल्यावर ठेवतात. "भैया, ये आपका है." दुकानदार म्हणतो, "दीदी, ये तो साड़ी के साथ आता है." "साड़ी मैं पहनूँगी. ये कौन पहनेगा?" मी तोवर शेजारच्या दुकानात बांगड्या बघायला गेलेली असते. आमची ओळखच नाही!

आणि जयंती! आमच्या महाराजपूरच्या वस्तीत जयंतीच्या दिवशी विहारासमोर मोठा मांडव पडतो, निळे झेंडे लागतात, सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात आणि दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. ताईंची पांढरी साडी निळ्या काठाची, खळ घातलेली, इस्त्री अशी की काठाने भाजी चिरावी. ती त्या वर्षातून दोनदाच नेसायच्या, एरवी कपाटात मलमलच्या कापडात गुंडाळलेली. एका जयंतीला पाहुणे म्हणून मोठे अधिकारी आले होते. भाषण जोरात झालं, टाळ्या पडल्या, साहेब खाली उतरले तर ताई समोर हात पसरून उभ्या. साहेबांना वाटलं, निवेदन द्यायचं असेल. ताई म्हणाल्या, "साहेब, हार द्या." त्यांच्या गळ्यातला हार उतरवून तिथेच उभ्या उभ्या फुलं एका टोपलीत, दोरा दुसरीकडे, चमकी तिसरीकडे. साहेब बघतच राहिले. मग त्यांनी हातातला गुच्छही मुकाट्याने पुढे केला.

पण हे सगळं किरकोळ. ताईंचा खरा संसार होता विद्यापीठात, वसतिगृहाच्या मागच्या सायकल स्टँडमध्ये. मुलींकडे स्कूट्या आल्या आणि स्टँडमध्ये नुसत्या गंजक्या सायकली उरल्या, तेव्हा ताईंनी ती जागा बळकावली. बळकावली हाच शब्द बरोबर आहे, परवानगी नंतर आली. जुन्या पलंगांच्या जाळ्या उभ्या करून त्यांनी खण पाडले. कागदाचा खण, पुठ्ठ्याचा खण, बाटल्यांचा, दुधाच्या पिशव्यांचा, वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचा, फुटक्या बादल्या-मगांचा, औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांचा. मागे खड्ड्यात मेसचं उरलंसुरलं आणि झाडांचा पाला. त्याचं खत बागेतल्या गुलाबांना. जी गोष्ट मुली कागदात गुंडाळून लपतछपत टाकायच्या, तिच्यासाठीही वेगळा झाकणाचा डबा. त्याची घोषणा ताईंनी भर मेसमध्ये, आचारी वाढत असताना, खणखणीत आवाजात केली. "शरम कसली? घरात सगळ्यायच्या आया-बहिणी आहेत." त्या दिवशी आचाऱ्यांनी वरण ताटात कमी आणि टेबलावर जास्त वाढलं. शनिवारी दुपारी सगळ्या मुलींनी आपापल्या खोलीचं घेऊन यायचं आणि आपल्या हाताने खणात घालायचं, हा ताईंचा नियम. टाकायचं नाही, घालायचं. टाकलं तर उचलून परत घालायला लावायच्या. पहिल्या वर्षाच्या मुली रडायच्या, दुसऱ्या वर्षाच्या कुरकुरायच्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या वर्षाच्यांवर खेकसायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायच्या. एकदा जवळच्या पाटण गावाहून एक शेतकरी गृहस्थ मुलीला भेटायला आले. त्यांनी गच्चीवरच्या दोरीकडे बराच वेळ पाहिलं आणि मुलीला हळूच विचारलं, "बेटा, कपड़े कम पड़ रहे हैं क्या?"

हसण्यावारी चाललं होतं सगळं. पण ताईंची निवृत्ती जवळ येऊ लागली तशी त्या आतून खचायला लागल्या. कारण सायकल स्टँडवर इतरांचाही डोळा होता. साहेब लोकांच्या गाड्या उन्हात तापतात, तिथे छान पार्किंग होईल, असं बैठकांमधून बोललं जात होतं. "मी गेली की दुसऱ्या दिवशी तिथं मोटारी उभ्या राहतीन, पाह्य तू," त्या मला डब्याच्या सुट्टीत म्हणायच्या आणि डबा तसाच परत न्यायच्या. मी म्हणायचे, "ताई, जाऊ द्या ना. इतकी वर्षं केलं, पुरे झालं." यावर माझ्याकडे अशा बघायच्या की मला माझाच राग यायचा. अशात त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात विद्यापीठ तपासायला बाहेरून समिती येणार असं ठरलं. स्वच्छतेचे गुणही धरले जाणार होते. समितीला सायकल स्टँडमधली ताईंची शेड आवडली तर शेड राहणार, नाहीतर पार्किंग. हे इमारती आणि आवार सांभाळणाऱ्या साहेबांनीच ताईंना सांगितलं. साहेब माणूस मोठा लोभस. गोलमटोल, सतत घाम पुसणारे, ताईंना मनापासून मानणारे. "दीदी, आप चिंता मत करो. आपका शेड मैं देख लूँगा," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. तिथेच घात झाला.

समिती सोमवारी यायची होती. शनिवारी मुलींनी शेड अशी लावली होती की बघत राहावं. प्रत्येक खण काठोकाठ, प्रत्येकावर रंगीत पाटी. रविवारी आमच्या चुलत पुतणीचं पाटणला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा; घरातली मोठी म्हणून ताईंना जाणं भाग. "चलो, एका दिवसात काय होते," म्हणत त्या आमच्याबरोबर आल्या. तिथल्या मांडवातही त्यांचं लक्ष शेडकडेच. सोमवारी सकाळी ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या निघाल्या, तेव्हा मला कळलं की हा दिवस त्यांनी जयंतीच्या बरोबरीला बसवला आहे. मीही ग्रंथालयातून तासाभराची सवलत घेऊन त्यांच्यासोबत गेले.

शेडपाशी साहेब उभे. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "दीदी, ऐसा चमका दिया है कि आप पहचान नहीं पाएँगी!"

खरोखरच ओळखता आली नाही. पलंगाच्या जाळ्यांना चंदेरी रंग, जमिनीवर गेरू, कडेने चुन्याच्या रेघा, दारात रांगोळी, वर झेंडूचं तोरण. आणि आत, बाई गं, काही म्हणजे काही नाही! सगळे खण रिकामे आणि धुतलेले. तपासणी स्वच्छतेची आहे म्हटल्यावर साहेबांनी रविवारी माणसं लावून शेडमधला सगळा कचरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेऊन टाकला होता. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की पहिलं काम तेच, घर झाडून-पुसून लख्ख. कचऱ्याच्याच शेडमधून कचरा काढला तर दाखवायचं काय, हा विचार त्या भल्या माणसाच्या मनाला शिवला नव्हता. ताईंनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ज्या बाईचा आवाज मेसपासून गेटापर्यंत जातो, तिचा आवाज निघेना, हे मी पहिल्यांदा पाहिलं. एवढ्यात समिती आलीच.

समितीच्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी रांगोळी ओलांडली, रिकाम्या खणांवरच्या पाट्या वाचल्या आणि विचारलं, "अच्छा है. पर कचरा कहाँ है?"

साहेब घाम पुसत अभिमानाने म्हणाले, "मैडम, हमारे कैंपस में कचरा होता ही नहीं."

तेव्हा ताईंना कंठ फुटला. "होता है मैडम. बहुत होता है. परसों तक यहीं था." आणि साहेबांकडे वळून, "भैया, कहाँ डाला?"

साहेबांनी आवारामागच्या शेताच्या पलीकडच्या एका खड्ड्याकडे बोट दाखवलं. ताई निघाल्या. कुणाला काही न विचारता, पदर खोचून, ढेकळं तुडवत. स्वागताला उभ्या केलेल्या मुली हातातली फुलं घेऊन त्यांच्या मागे, मुलींमागे मी, माझ्यामागे साहेब आणि सगळ्यात मागे, थांबावं की यावं न कळून, समिती. तिकडे अतिथिगृहात समोसे गार होत होते.

खड्ड्यात सगळा काला झाला होता. कागद, बाटल्या, पिशव्या, वर मेसचं आंबलेलं वरण आणि बागेतल्या काटक्या. मुलींच्या कित्येक शनिवारांची मेहनत. ताई काठावर क्षणभर थांबल्या, मग खाली उतरल्या, त्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीने उकिडव्या बसल्या आणि हाताला आली ती बाटली उचलून उजवीकडे ठेवली, कागद उचलून डावीकडे. मी ओरडले, "ताई, साडी!" त्यांनी ऐकलंच नाही. मग एक मुलगी उतरली, मग दुसरी, मग सगळ्याच. मला राहवेना, मीही चपला काढून उतरले. प्रमुख बाई काठावरून म्हणाल्या, "मैडम, रहने दीजिए, हम समझ गए. दिखाने की ज़रूरत नहीं है."

ताईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम. "दिखाने के लिए नहीं कर रही हूँ मैडम. मुझसे ऐसा देखा नहीं जाता."

थोड्या वेळाने माझ्या शेजारी धप्पकन आवाज झाला. साहेब! बाह्या दुमडून, बूट चिखलात, हातात वेफर्सचं पाकीट. "दीदी," ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "ये चमकीला वाला किसमें?" ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फाडून खातील. पण त्या म्हणाल्या, "इधर दे दो भैया. पहले झटक के."

समिती काय लिहून गेली ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. पण पार्किंग दुसरीकडे झालं आणि शेड राहिली. साडी मात्र गेली. मी लिंबू लावलं, सोडा लावला, उन्हात घातली, वरणाचा पिवळा डाग काही हलला नाही. ताईंनी तिची पुसणी केली आणि काठ उशीच्या अभ्र्याला लावले. त्या उन्हाळ्यातच त्या निवृत्त झाल्या आणि वसतिगृहातली खोली सोडून कायमच्या आमच्याकडे महाराजपूरला राहायला आल्या. तेव्हापासून आमच्या घरात डबे किती आहेत हे विचारू नका. नवरा कारखान्यातून आल्यावर खिसे दारातच रिकामे करतो, तिकीट वेगळं, सुपारीचा कागद वेगळा.

येताना ताईंनी मला एक ताकीद दिली होती. "शेडचं मले काही सांगायचं नाई. चांगलं नाई, वाईटही नाई." मी म्हटलं, "पण काहून?" त्या म्हणाल्या, "तू सांगशील, सगळं एका ढिगात पडून आहे. मंग मी जेवू कशी?" शेड राहिली खरी, पण जागा राहणं वेगळं आणि मुलींचे हात राहणं वेगळं, ही धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. मीही वसतिगृहाच्या बाजूला जाणं सोडलं. काही भलतं दिसलं असतं तर घरात पाऊल टाकताच ताईंनी माझ्या तोंडावर वाचलं असतं, मला काही लपवता येत नाही. अशी वर्षं गेली. ताईंच्या हाताखालून गेलेली शेवटची मुलगीही पदवी घेऊन आपल्या गावी गेली. नव्या वॉर्डन आल्या, त्याही बदलून गेल्या.

यंदा ग्रंथालयाच्या कामाने मला वसतिगृहात जावंच लागलं. शनिवार होता, दुपार होती. मी डोळे खाली घालूनच चालले होते, तर मागून आवाज आला, "ए, फेंक मत! उठा के रख!" मी वळून पाहिलं. शेडपाशी मुलींची रांग. खण भरलेले. एक काटकुळी मुलगी एका नवख्या मुलीवर खेकसत होती आणि ती नवखी रडवेली होऊन बाटल्या उचलत होती. माझे पायच थांबले. जवळ जाऊन मी त्या काटकुळीला विचारलं, "बेटा, ये सब किसने शुरू किया?"

ती गोंधळली. "पता नहीं आंटी. यहाँ तो शुरू से ऐसा ही है."

"किसी ने सिखाया होगा ना?"

"सीनियर्स ने. उनको उनके सीनियर्स ने."

मी आणखी दोघी-तिघींना विचारलं. ताईंचं नाव एकीलाही ठाऊक नव्हतं. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. वाटलं, सगळ्यांना रांगेत उभं करून सांगावं, अगं, कोण होती ती बाई! पण राग कुणावर काढणार? मुली तर कामाला लागल्या होत्या.

घरी आले तर ताई मेथी निवडत बसलेल्या. मी ताकीद मोडली. सगळं सांगितलं, रांग, भरलेले खण, खेकसणारी मुलगी. नावाचं सांगू नये असं ठरवलं होतं, पण त्यांनीच विचारलं, "मायं नाव काढलं काय कोनी?" खोटं बोलता येईना. "नाही ताई." "एकीनंही नाई?" "एकीनंही नाही." त्यांच्या हातातली मेथीची काडी तशीच. मला रडू येऊ लागलं. मग त्या म्हणाल्या, "चलो. म्हंजे आता मी नसली तरी चालते." मी चिडून म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" तर हसल्या, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "येत्या शनिवारी मले घेऊन चल. दुरूनच पाहीन."

आम्ही गेलो. वसतिगृहाच्या गेटापाशी, रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिलो. तिथून शेड अर्धीच दिसते. मी म्हटलं, "आत चला ना ताई, मी सांगते त्यांना." त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. इतक्यात एक मुलगी बादली घेऊन गेटाजवळून जात होती. आम्हा दोघींना बघून ती थांबली. "आंटी, किसी से मिलना है क्या? बुला दूँ?"

"नहीं बेटा, किसी से नहीं," ताई म्हणाल्या. "तू जा, अपना काम कर."

मुलगी बादली उचलून शेडकडे गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत ताई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.